रात्रीची पंढरपूर पॅसेंजर कुणाकुणाला आठवते? आणि ती परत येईल का?

जेऊरकर

परवा बऱ्याच वर्षांनी पुण्याहून सोलापूरला रेल्वेनं गेलो. भिगवण मागं पडलं, खिडकीतून उजनीचं पाणी दिसायला लागलं आणि एकदम रात्रीची पॅसेंजर आठवली. रात्रभर तिच्याबद्दल लिहायचं मनात होतं, म्हणून हा धागा.

मुंबईहून रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास सुटायची. आठवड्यातले काही दिवस पंढरपूर, बाकीचे दिवस विजापूर. 2009 साली साईनगर शिर्डी स्टेशन झालं, त्यानंतर शिर्डीचे डबेही तिलाच जोडून यायला लागले. आमच्या घरात तिला कुणी नंबरानं किंवा नावानं ओळखत नव्हतं. "रातचीनं येतोय" एवढा निरोप आला की आई सकाळी चुलीवर पाणी ठेवायची.

वडील दादरला एका छापखान्यात होते. शनिवारी पाळी सुटली की तसेच स्टेशनवर. रिझर्वेशन वगैरे प्रकरण नव्हतं. खिडकीवर जेऊरचं तिकीट काढायचं आणि जनरल डब्यात शिरायचं. जागा मिळाली तर बसून, नाहीतर दोन बाकांच्या मध्ये वर्तमानपत्र अंथरून. रविवारची सकाळ घरी, आणि त्याच रात्री उलट्या गाडीनं परत. सोमवारी पुन्हा छापखान्यात हजर. एक रजा न घालवता महिन्यातून दोनदा बाप घरी दिसायचा, तो त्या गाडीमुळं.

शाळेच्या सुट्टीत आम्ही सगळे मुंबईला जायचो तेव्हाचं येणं तर डोळ्यांपुढं आहे. वरच्या सामानाच्या फळीवर दोघं-तिघं पोरं, खाली एका बाईनं दोन बाकांच्या दांड्यांना साडी बांधून बाळासाठी केलेली झोळी. कर्जतला मागून बँकर, म्हणजे घाट चढवायला ढकलणारी जादा इंजिनं, लागले की गाडीला एक दणका बसायचा आणि झोळी आपोआप हलायची. बाळ उठायचं नाही, आम्ही उठायचो. घाट चढताना बोगद्यात दिवे पिवळे दिसायचे. पुण्यात विजेचं इंजिन निघून डिझेल लागायचं, तेवढ्यात आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची. दौंडच्या आसपास उजाडायचं. मग जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे. पाण्यावर धुकं, त्यात मासे धरणाऱ्यांच्या होड्या. मग आमचं जेऊर.

मार्च 2020 मध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या. एक्स्प्रेस हळूहळू परत आल्या. आमची रातची त्या वेळापत्रकानं, त्या थांब्यांनी, त्या तिकिटानं परत आली नाही. 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई-सोलापूर आणि मुंबई-शिर्डी अशा दोन वंदे भारत एकाच दिवशी सुरू झाल्या. बघा, दिशा त्याच दोन, ज्या दोन दिशांना आमच्या पॅसेंजरचे डबे जायचे. मला त्या गाड्यांचा आनंदच आहे. पण आमच्यासारख्या स्टेशनातला माणूस रात्री कामावरून सुटून सकाळी घरी कसा पोचणार, हा प्रश्न तिथंच राहिला.

कुणाच्या आठवणी असतील तर लिहा. आणि ती परत यावी म्हणून काय करता येईल, तेही लिहा.

खान्देशी_पाटील

दादा, डोळ्यांत पाणी आणलंत. तुमची पंढरपूर, तशी आमची भुसावळ पॅसेंजर.

आम्ही कल्याणला राहायचो. रात्री उशिरा फलाटावर पथारी टाकून बसायचं. कसारा, घाट, इगतपुरी हे सगळं झोपेत. नाशिकरोडपासून खरी जाग यायची. खेरवाडी, निफाड, उगाव करत गाडी लासलगावला आली की डब्यात कांद्याचा वास. मनमाडला तोंड धुवायचं. पुढं नांदगाव, नायडोंगरी, चाळीसगाव, कजगाव. कजगावला आमचे आजोबा फलाटाच्या टोकाला बैलगाडी सोडून उभे असायचे. गाडी तासभर उशिरा असली तरी ते तिथंच. "पॅसिंजर शे, येई" म्हणायचे, बस.

पाचोऱ्याला उतरणारे धावत छोट्या गाडीकडं जायचे. पाचोरा-जामनेर, आमची पीजे. तीही बंद पडली. एक मोठी गाडी आणि तिला जोडून असलेली एक छोटी गाडी, दोन्ही एकदम गेल्या. जामनेरकडच्या माणसाला मुंबईहून घरच्या दारापर्यंत रुळानं जाता यायचं, हे आज पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता इगतपुरी-भुसावळ मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेची गाडी, आहे, चांगली आहे, पण ती दिवसाची. मुंबईत रात्री काम संपवून निघणाऱ्याला तिचा काय उपयोग?

भिलवडीची_लेक

मी सह्याद्री एक्स्प्रेसबद्दल लिहिते. नावाला एक्स्प्रेस, पण आमच्या पट्ट्यात तिच्याकडं सगळे पॅसेंजरसारखंच बघायचे, कारण ती छोट्या स्टेशनांवर थांबायची. महालक्ष्मी मोठ्या गावांची, सह्याद्री आमची.

कोल्हापूरहून निघायची, मिरजेला गाडीचं तोंड फिरायचं. आतापर्यंत पुढं तोंड करून बसलेली माणसं उलटी व्हायची, मग उठून जागा बदलायची गडबड. मी बारावीनंतर पुण्यात एका परीक्षेला एकटी गेले ती याच गाडीनं. आईनं डब्यातल्या एका आजीला सांगितलं, "मावशी, एवढी पोर पुण्यात उतरवा." त्या आजी लोणंदला उतरणार होत्या. उतरताना त्यांनी समोरच्या बाईकडं माझा हात दिला आणि म्हणाल्या, "आता ही तुमची." त्या बाईंनी पहाटे पुण्याच्या फलाटावर मला रिक्षात बसवून मगच पुढं गाडी धरली. नाव गाव काही माहीत नाही.

2020 ला बंद झालेली सह्याद्री नोव्हेंबर 2023 मध्ये परत आली, पण विशेष गाडी म्हणून आणि पुण्यापर्यंतच. मुंबईचं टोक तुटलं ते तुटलंच. निदान आली हे खरं, आणि ती लोकांनी सतत मागितली म्हणून आली. म्हणून माझा जीव या विषयात अजून आहे. पूर्ण बंद झालेली गाडी अर्धी परत आणता येते, मग पुढची अर्धी का नाही?

ठाणे_वेस्ट

सगळ्यांच्या आठवणींबद्दल आदर आहे, पण एक विरुद्ध मत मांडतो. रात्रीच्या खासगी बस आणि एसटी आता पार तालुक्याच्या आत जातात. पॅसेंजर दहा-अकरा तास घ्यायची, बस सात-आठ तासांत सोडते. रेल्वेची लाईन आधीच भरलेली आहे. एका पॅसेंजरच्या जागेत दोन वेगवान गाड्या जाऊ शकतात. जास्त लोकांचा फायदा कशात आहे?

जेऊरकर

दादा, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही.

बस आहे, पण ती आमच्या फाट्यावर रात्री दोनला सोडते. तिथून गाव सहा किलोमीटर. पॅसेंजर उशिरा पोचायची हीच तिची सोय होती. सकाळी उजेडात, बायाबापड्यांना, पोराबाळांना सुरक्षित उतरता यायचं. स्टेशनवर टमटम असायची, चहा असायचा. माझ्या आईचे गुडघे गेलेत. बसमध्ये रात्रभर पाय दुमडून बसणं आणि संडासासाठी ड्रायव्हरला विनवणी करणं तिच्यानं होत नाही. गाडीत उठून चार पावलं चालता येतं. हे वेगाच्या हिशेबात कुठं धरायचं?

शिवाय दिवाळीत बसचं भाडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पॅसेंजरचं तिकीट दिवाळीतही तेवढंच असायचं.

निवृत्त_गार्ड

धागा वाचून राहवलं नाही. मी मध्य रेल्वेत गार्ड होतो. 2022 पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण माझ्या तोंडी गार्डच बसलेलं आहे. दौंडला या गाडीवर बरीच वर्षं काम केलं, म्हणून आधी तिथलं सांगतो.

दौंडला शिर्डीचे डबे कापायचे. पुण्याकडून आलेल्या गाडीला मनमाडच्या लाईनीला जायचं तर तोंड फिरवावं लागायचं, म्हणून ते डबे वेगळे काढून त्यांना दुसऱ्या बाजूनं इंजिन लावायचं. दोन डबे टेकतात तिथं धक्का झेलणारे बफर असतात, त्यांच्या मध्ये दोन माणसं वाकून शिरायची. आधी ब्रेकच्या हवेच्या पाईपचे दोन्ही कॉक बंद, मग पाईप सोडायचा, तेव्हा फुस्स असा मोठा आवाज. मग दोन डबे जोडणारं स्क्रू कपलिंग सैल करून हुकातून काढायचं. गाडीच्या शेवटच्या डब्याला 'एलव्ही', म्हणजे लास्ट व्हेइकल, अशी पाटी असते. ती दिसली की मधल्या स्टेशनच्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण आली, मागं काही सुटलं नाही. एका गाडीच्या दोन झाल्या की शेवटचे डबेही दोन, म्हणून पाट्याही दोन लागायच्या. पावसात, हिवाळ्यात, हातबत्तीच्या उजेडात हे सगळं चालायचं आणि आत निम्मी माणसं गाढ झोपलेली.

आम्ही डब्याडब्यातून ओरडत जायचो, "शिर्डीवाले कोण, पंढरपूरवाले कोण?" तरी चुका व्हायच्या. वारीच्या दिवसांत तर फार. टाळ-मृदंग घेतलेली माणसं, एकाच्या मागं एक डब्यात चढलेली. एकदा एक म्हातारबाबा चुकीच्या डब्यात राहिले. त्यांच्या दिंडीतली दहा माणसं उतरून सगळी त्यांच्यासाठी धावली. मी झेंडी दाखवायची तीन मिनिटं थांबलो. त्याचा खुलासा लिहून द्यावा लागला. दिला.

आता बंद का झाली ते. 2020 ला रेल्वे बोर्डानं दोनशे किलोमीटरहून जास्त धावणाऱ्या पॅसेंजर एक्स्प्रेस करायचं ठरवलं. त्याच सुमारास शून्याधारित, म्हणजे जुनं बाजूला ठेवून पहिल्यापासून आखलेलं, वेळापत्रक आलं. त्यात रुळांच्या देखभालीला सलग वेळ राखून ठेवायचा, गाड्यांचे वेग जवळजवळ आणायचे, कमी वापराचे थांबे काढायचे, असं धोरण होतं. वेगातला फरक हे खरं दुखणं आहे. हळू गाडी वेगवान गाडीच्या पुढं असली की तिला लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यावं लागतं, मागची काढून द्यावी लागते. रात्री या लाईनीवर एकामागं एक मेल सुटतात, त्यामुळं पॅसेंजर लूपला उभी राहायची. प्रवाशांना वाटायचं गाडी उगाच थांबली. उगाच काहीच नसतं.

म्हणजे ठाणेकरांचा मुद्दा तांत्रिक बाजूनं बरोबर आहे. पण दौंडपासून पुढं आता दुहेरी मार्ग आहे, वीज आहे. माझ्या वेळी या पट्ट्यात एकेरी लाईनीवर क्रॉसिंगला, म्हणजे समोरून येणारी गाडी जाईपर्यंत थांबण्यात, तास जायचा. ती अडचण उरलेली नाही, हे पत्र लिहिताना जरूर मांडा.

दापोलीची_सून

आमची रात्रीची नव्हती, पण दुःख तेच, म्हणून लिहितेय. दादर-रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दिव्याहून सुटते. दादरला चढणं आणि दोन पोरं, गणपतीचं सामान, आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन लोकलनं दिव्याला जाऊन चढणं यात किती फरक आहे, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. खेडला उतरून पुढं एसटी. गाडी आहे, नाही असं नाही. पण गाडीचं एक टोक कापलं की तिच्यावर विसंबलेली निम्मी माणसं गळतात, आणि मग म्हणायचं गर्दी नाही.

अकोलेवाला

आमच्या इकडची मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, कुणाला आठवते का? अकोला-खंडवा. धूळघाटला रूळ गोल फिरून स्वतःवरूनच जायचा. मी दिवसाही गेलो, रात्रीही गेलो. रात्री मेळघाटच्या जंगलात खिडकीबाहेर डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नसे, आणि मधूनच एखाद्या स्टेशनवर कंदील घेऊन उभा असलेला माणूस. 2017 च्या सुरुवातीला ती लाईन बंद झाली. रुंद रूळ आता व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून जाणार आहेत. वाघांसाठी तेच बरोबर आहे, मला पटते. पण आतल्या गावातला माणूस अकोल्याच्या दवाखान्यात त्याच गाडीनं यायचा जी. त्याला मोबदल्यात काय भेटलं?

व्हिएन्नाहून

मूळची कुर्डुवाडीची, आता ऑस्ट्रियात. इकडचा अनुभव सांगते, कारण तो थेट या विषयाचा आहे. जर्मन रेल्वेनं 2016 च्या शेवटी आपल्या झोपायच्या गाड्या बंद केल्या. परवडत नाहीत म्हणून. ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं त्यातले बरेच मार्ग आणि डबे घेतले, नाईटजेट नावानं चालवले, आणि आता त्यांना नवे डबे बांधून घेतलेत. फ्रान्समध्ये पॅरिस-नीस रात्रीची गाडी बंद पडून 2021 मध्ये परत सुरू झाली. म्हणजे "बंद झाली ती संपली" असं रेल्वेत नसतं.

कुर्डुवाडीबद्दल एक सांगायचंय. आमच्या लहानपणी मोठी गाडी कुर्डुवाडीला सोडून पंढरपूरला छोट्या गाडीनं जावं लागायचं. बार्शी लाईट रेल्वेची ती लाईन 1906 साली पंढरपूरपर्यंत गेली, आणि जवळजवळ शंभर वर्षं वारकरी त्याच अडीच फुटी रुळावरून विठोबाला गेले. रूळ रुंद झाले आणि मुंबईचा माणूस डबा न बदलता थेट पंढरपुरात उतरायला लागला, तेव्हा माझी आजी एकादशीला स्टेशनवर जाऊन पहिल्यांदा त्या गाडीला हळदकुंकू लावून आली होती.

ठाणे_वेस्ट

गार्डकाका आणि जेऊरकर, तुमचं वाचून माझं मत थोडं बदललं आहे. पूर्ण गाडी परत मागण्याऐवजी आहे त्या रात्रीच्या एक्स्प्रेसना पहाटेनंतरच्या भागात दोन-तीन थांबे आणि दोन जनरल डबे जास्त, असं मागितलं तर? मुंबई-पुणे भागात ती वेगानं जाईल, दौंडनंतर पॅसेंजरसारखी चालेल. लाईन अडणार नाही.

निवृत्त_गार्ड

हे फार चांगलं सुचवलंत. जुनी फास्ट पॅसेंजर बऱ्याच अंशी तशीच चालायची. आधी थोडे थांबे, नंतर जास्त. थांबा बहुतेक वेळा आधी प्रायोगिक म्हणून मिळतो आणि त्या स्टेशनावरून तिकीट किती निघालं ते बघितलं जातं. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे : तिकीट आपल्याच स्टेशनवरून, आपल्याच स्टेशनपर्यंतचं काढा. पुष्कळजण सोयीसाठी पुढच्या मोठ्या स्टेशनचं काढतात. मग कागदावर आपलं गाव शून्य दिसतं.

दुसरं, भाडं. करोनानंतर पॅसेंजरचं किमान तिकीट दहाचं तीस झालं होतं. ते फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा दहावर आलं. ज्यांनी तीस झाल्यावर गाडी सोडली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना हे माहीतच नाही. गावात सांगा.

पत्र विभागीय व्यवस्थापकांना द्या, प्रत खासदारांना आणि प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांना. भावना एका परिच्छेदात, बाकी सगळं कामाचं : कोणती गाडी, कोणता थांबा, किती वाजता, आसपासची किती गावं, जवळची बस कुठं थांबते. जुना क्रमांक 51027 लिहा म्हणजे त्यांना फाईल सापडेल.

भिलवडीची_लेक

काका, आमच्याकडून सह्याद्री मुंबईपर्यंत नेण्याचं पत्र मी लिहिते. मसुदा इथं टाकला तर बघाल का?

निवृत्त_गार्ड

जरूर बघतो, बेटा. रात्री नऊनंतर टाक, तोवर नातवंडं मोबाईल देत नाहीत.

खान्देशी_पाटील

कजगाव, नायडोंगरी, नगरदेवळा या तिन्ही गावांचे ठराव मी गोळा करतो. आजोबा जिथं बैलगाडी सोडायचे तिथं आता मोटारसायकली लागतात, पण सकाळी गाडीची वाट बघणारी माणसं अजून आहेत. पुढच्या रविवारी जाऊन प्रत्येक गावातून मुंबई-कल्याणला किती पोरं कामाला आहेत ते घरोघर विचारून लिहून आणतो.

जेऊरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी आमच्या ग्रामपंचायतीत विषय ठेवला. सरपंचांनी तिथंच सही केली, केम आणि पारेवाडीच्या लोकांशीही बोलणं झालंय. पत्र काल रात्री लिहून झालं. थांबा, वेळ, गावांची यादी, जुना क्रमांक, सगळं काकांनी सांगितलं तसं.

सकाळी आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग एवढंच विचारलं, "आपला डबा कुठला, ते लिहिलंस का?"